जावयाचा नट

गॅरेजमध्ये त्याला सगळे आडवा म्हणत. या नावामागे दोन कारणं होती आणि दोन्ही खरी होती. एक म्हणजे दिवसातला बराचसा वेळ तो कुठल्या तरी गाडीखाली नाहीतर गाडीवर आडवा असे. कित्येक गिऱ्हाइकांनी त्याचे फक्त पायच पाहिले होते. रस्त्यात उभा भेटला तर ते ओळख देत नसत, आणि त्याला त्याचा रागही येत नसे. दुसरं कारण म्हणजे त्याला काहीही सांगा, तो आडवंच बोलणार. "आज फार उकडतंय," असं कुणी म्हटलं की "काल कमी उकडत होतं म्हणून तसं वाटतं," हे त्याचं उत्तर. बायको म्हणायची, लग्नाला यांनी हो कसं म्हटलं हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक कुणीतरी "तुला ही मुलगी नकोच असेल ना?" असं विचारलं असणार.

गॅरेज सासऱ्यांचं. सासऱ्यांना दोन मुली, मुलगा नाही, आणि दोन्ही जावई पाने-स्क्रूड्रायव्हर हातात धरणारे. त्यामुळे थोरलीचा नवरा आडवा आणि धाकटीचा नवरा असे दोघं साडू एकाच छपराखाली येऊन पडले. एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला गाद्यांचं दुकान, मधे हे. साडूंचं नातं मुळातच अवघड. भाऊ असते तर एकमेकांच्या थोबाडीत देऊन मोकळे झाले असते, परके असते तर तोंड फिरवून. साडूंना दोन्हीची सोय नाही. म्हणून हे दोघं आयुष्यभर एकमेकांना अहो-जाहो करत आले होते. भांडणसुद्धा अहो-जाहोतच. "अहो साडूभाऊ, डोळे घरी ठेवून आलात का?" "नाही हो साडूभाऊ, तुमची अक्कल शोधायला पाठवलेत." असं दिवसभर चालायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, दोन मोठे वकील कोर्टात बोलताहेत.

धाकट्या साडूला खालीघे म्हणत, आणि हे नाव आडव्यानेच ठेवलं होतं. कारण कुठलंही काम आलं की तो आधी बॉनेटमध्ये डोकावणार, कमरेवर हात ठेवणार आणि म्हणणार, "इंजिन खाली घे." पट्टा बदलायचाय, खाली घे. तेल गळतंय, खाली घे. इंजिनाचे आधार सोडायचे, साखळीच्या कप्पीने ते टांगायचं, खाली उतरवायचं आणि मग चारी बाजूंनी ऐसपैस काम करायचं, ही त्याची पद्धत. आडव्याला त्याची शिसारी होती. "दाढ दुखते म्हणून मुंडकं उतरवून घेता का?" असं तो विचारायचा. त्याने उभ्या जन्मात एकदाही, जिथे हात शिरू शकतो तिथलं काम करायला इंजिन उतरवलं नव्हतं. आणि त्याचा हात कुठेही शिरत असे. हाताला कोपरापुढे आणखी एक सांधा आहे अशी गाद्यांच्या दुकानवाल्याची खात्री होती.

डोळ्यांना जिथे काही दिसत नाही तिथे आडवा डोळे मिटूनच काम करायचा. पापण्या बंद, शीळ चालू, आणि आत बोटं. त्या बोटांना नटाचे आटे कळायचे, वॉशर उलटा पडलाय ते कळायचं, गॅस्केटचा कोपरा दुमडलाय ते कळायचं. ही विद्या सासऱ्यांची, आणि तिच्यासोबत सासऱ्यांची आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये राहिली होती: नटांची नावं. इंजिनाच्या मागच्या अंगाला मॅनिफोल्ड बसतो, म्हणजे इंजिनाच्या चार तोंडांतून निघणारा जाळ गोळा करून पुढे नेणारी लोखंडी वाट. तो जिथे आवळायचा तिथे दिसत काहीच नाही. मग गाडीखालच्या माणसाने वरच्याला सांगायचं तरी कसं? सासऱ्यांनी नातीच देऊन टाकली. मधले दोन नट सासू आणि सासरे. त्यांच्या शेजारी दीर, नणंद, मेहुणा वगैरे मंडळी. आणि पार मागच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या भिंतीला खेटून, हाताला न येणारा, सारखा रुसलेला, तो जावई. नियम असा की सुरुवात सासू-सासऱ्यांपासून, मग आळीपाळीने बाहेर बाहेर, आणि जावई शेवटी. आपल्याच दोन जावयांसमोर सासरे हे शिकवत, आणि शिकवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे ते वेगळंच.

सासऱ्यांचं पुढे काय झालं, ते आडव्याने पाहिलं होतं. त्यांची नजर गेली तसं घरच्यांनी त्यांना गॅरेजच्या दाराशी एका खुर्चीत बसवलं. खुर्ची म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीची पुढची सीट, खाली लाकडी चौकट ठोकलेली. चांगली मऊ होती. तिच्यात बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं, पैसे घ्यायचे, चहा मागवायचा. बघता बघता इतका मोठा मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याशी पावसापाण्यावर बोलणारा म्हातारा होऊन गेला. कुणी इंजिनाचं विचारलं तर म्हणायचा, "आत विचारा." ते "आत विचारा" आडव्याच्या कानात रुतून बसलं होतं. सासरे गेल्यावर खुर्ची रिकामीच राहिली. तिच्यावर जुने टायर ठेवायचे, गिऱ्हाईक बसायचं, आडवा मात्र तिला टेकतसुद्धा नसे.

आणि गेल्या काही महिन्यांपासून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होत चालली होती. तर्जनी आणि मधलं. कामाची तीच दोन. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. शर्टाची बटणं लागेनात तशी तो बटणं नसलेले गोल गळ्याचे बनियनवजा सदरे घालायला लागला. बायकोने विचारलं तर म्हणाला, हल्ली हीच फॅशन आहे. आजवर त्याच्या तोंडून फॅशन हा शब्द बाहेर पडला नव्हता, त्यामुळे बायकोला तिथेच कळायचं ते कळलं.

अशात भाची आली. भाची म्हणजे खालीघ्याची मुलगी. शिकून दातांची डॉक्टर झालेली, बाजारपेठेत तिचा स्वतःचा दवाखाना. पण बापाचं आणि आजोबांचं रक्त कुठे जातंय? तिच्याकडे एक छोटी गाडी होती, आणि ती गाडी घेऊन ती डोंगराच्या रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घ्यायची. रविवारी शर्यत होती. गाडीला टर्बो होता, म्हणजे इंजिनातून निघालेल्या जाळावर फिरणारी भिंगरी. ती फिरली की जास्तीची हवा इंजिनाच्या घशात कोंबते. पण कंपनीने दिलेला मॅनिफोल्ड भिंगरीपर्यंत जाळ नेतो तो कंजुषाच्या हाताने. म्हणून तिने बाहेरून दुसरा मागवला होता. तो टॉवेलमध्ये गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा घेऊन ती गॅरेजमध्ये आली आणि बापाला ओलांडून सरळ आडव्यापाशी गेली.

"काका, हा बसवायचाय. रविवारच्या आत."

"बापाला सांग की. तुझा बाप पण मिस्त्री आहे अशी अफवा आहे."

"बाबा इंजिन खाली घेईल. मग त्याला आणखी चार गोष्टी दिसतील. मग रविवार जाईल."

खालीघे समोरच ब्रेकचा ड्रम घासत बसला होता. तो ड्रमलाच म्हणाला, "पोरीला शिकवायला नको होतं."

आडव्याने टॉवेल उलगडला. जुना मॅनिफोल्ड म्हणजे बसका, गप्प, ओतीव लोखंडाचा गोळा. हा नवा चकचकीत नळ्यांचा; चार नळ्या चार दिशांना वळून शेवटी एकत्र आलेल्या, जसं घरातलं प्रत्येक जण फोटोपुरतं जवळ यावं. बॉनेट उघडलं तर आत जागा म्हणून नव्हती. कारखान्यात आधी इंजिन टांगून मग त्याच्या अंगावर गाडी शिवली असावी, इतकं ते गच्च. भाचीने खालून टॉर्च धरली, ती आडव्याने बंद करायला लावली. उजेडाने त्याचं लक्ष विचलित व्हायचं म्हणे.

जुना निघाला. दोन पेरांची सालं गेली, पण निघाला. नवा आत घालताना मात्र तो तिरका, उलटा, पुन्हा तिरका असा फिरवून घ्यावा लागला. अखेर गॅस्केटवर जाऊन टेकला तेव्हा आडव्याने शीळ बदलली. मग सासू लागली, सासरे लागले. इथे खालीघे उठून मागे येऊन उभा राहिला.

"साडूभाऊ, ती शेवटची नळी बघितलीत का? जावयाच्या डोक्यावरून वाकलीय. मॅनिफोल्ड घट्ट व्हायच्या आधी जावई दोन आटे तरी फिरवून धरायला लागेल. नाहीतर सरळ चढणार नाही तो."

"सासरे उभे आणि जावई आधी बसला, हे तुमच्यात चालत असेल."

"आमच्यात म्हणजे? सासरे एकच होते ना आपले?"

"त्यांनीच सांगितलंय. जावई शेवटी."

"त्यांनी सांगितलं तेव्हा हा नळ्यांचा पसारा नव्हता हो."

"तुम्ही ड्रम घासा."

खालीघे ड्रम घासायला गेला. दीर, नणंद, मेहुणा सगळे लागले. आता जावई. आडव्याने नटाला वंगण लावलं, तो दोन बोटांच्या टोकांवर चिकटवला, डोळे मिटले आणि हात नळीच्या वाकणाखालून आत सारला. एरवी या क्षणी बोटं त्याच्याशी बोलत. आटा आट्यावर आला की बारीकशी टिचकी कळते. तशी कळली की नट फिरवायचा. आज आतून कुणीच काही बोललं नाही. नट स्टडवर, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर, टेकला असावा असं त्याला वाटलं. फिरला असं वाटलं. पाना लावला, थोडा फिरला, मग चांगला जड झाला. शीळ केव्हाच थांबली होती, हे एकट्या खालीघ्याच्या लक्षात आलं.

"बसला," आडवा म्हणाला.

भाचीने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि मागून आवाज यायला लागला. टक टक टक टक. बैठकीत कंटाळलेला साहेब पेनाने टेबल वाजवतो तसा.

"काका, हे काय?"

यावर आडव्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. ते वाक्य गॅरेजच्या हवेतच होतं. घाईच्या वेळी, जेवायच्या वेळी, नको असलेल्या गिऱ्हाइकाला दोघंही साडू तेच ऐकवत. "नवीन आहे ना. गरम झालं की जाईल."

बाहेरच्या माणसाने विश्वास ठेवला नसता. भाचीने ठेवला, कारण सांगणारा काका होता. ती गाडी घेऊन गेली. ड्रम घासण्याचा आवाज मधे क्षणभर थांबला, आणि मग पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाला.

आता त्या दोन बहिणींविषयी एवढंच सांगायला हवं की एकीच्या स्वयंपाकघरात उकळलेली गोष्ट गार व्हायच्या आत दुसरीच्या स्वयंपाकघरात पोचलेली असे. आडवा जेवायला बसला तर वाढता वाढता बायको म्हणाली, "धाकटीचा फोन होता. गाडी वाजतेय म्हणे."

"गरम झाली की जाईल."

"मला नका सांगू ते. मिक्सरलाही तुम्ही हेच म्हणाला होतात. गरम झाला, आणि गेला."

तो काही आडवं बोलला नाही. बायकोने चमकून पाहिलं. त्याचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात त्या कोपऱ्यात शिरला होता. नट तिरका चढला असेल तर मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यात तिथे फट राहिली असणार. टक टक म्हणजे त्या फटीतून सुटणारा जाळ. आणि त्या फटीसमोर, पत्र्याच्या भिंतीवरून, ब्रेकच्या तेलाची नळी जाते. गावात फिरताना काही होणार नाही. डोंगराच्या वळणांवर, पूर्ण जोरात, तो जाळ सतत नळीवर पडत राहिला तर आतलं तेल उकळेल. मग पाय ब्रेकवर जाईल आणि ब्रेक लागणार नाही. हे सगळं त्याला तेव्हाही माहीत होतं, जेव्हा तो "गरम झालं की जाईल" म्हणाला होता. घास तोंडात फिरत राहिला.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? नट तिरका गेला. का गेला? साडूचं ऐकलं नाही. एवढंच असतं तर त्याने एकवेळ गिळलं असतं. पण टिचकी का नाही कळली? हे एकदा उघड झालं की दाराशी ती मऊ सीट होतीच.

सकाळी गॅरेजला न जाता तो भाचीच्या दवाखान्यात गेला. बाहेरच्या खोलीत लोक गाल धरून बसले होते. आडव्याने गाल धरला नाही म्हणून मदतनीस बाईंनी त्याला आधी औषधविक्या समजून बसवून ठेवलं. शेवटी तो सरळ आतच शिरला. भाची तोंडाला मास्क लावून एका गृहस्थांच्या उघड्या तोंडावर वाकली होती.

"काका? दात?"

"गाडी."

"बोला. हे ऐकतील पण कुणाला सांगणार नाहीत. तासभर तरी."

गृहस्थांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी डोळ्यांनीच संमती दिली.

"रविवारी ती गाडी चालवू नकोस," आडवा म्हणाला. "म्हणजे अशी नको. नट तिरका गेलाय माझ्याकडून. फट आहे."

"तुम्ही तर म्हणालात, गरम झालं की जाईल."

"ते आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

भाचीने मास्क खाली ओढला. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. "आम्ही सांगतो, जरासंच दुखेल," ती म्हणाली. गृहस्थांचे डोळे मोठे झाले. "पण काका, तुमच्याकडून नट तिरका कसा जाईल? बाबा म्हणतो, तुम्हाला झोपेतही आटे कळतात."

आडव्याने हात पाठीमागे नेले. दिवसभर लोकांच्या तोंडातली लपवाछपवी पाहणाऱ्या बाईला तेवढं पुरे झालं. तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि दातांत घालायची टोकदार सळई उचलली.

"डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

आडव्याने डोळे मिटले. थोडा वेळ अंदाज घेतला. "हो," तो म्हणाला. मग, "हो. हो. इथेही, हो."

"मी अजून सुरुवात केली नाही," भाची म्हणाली.

खुर्चीतल्या गृहस्थांच्या नाकातून हसू बाहेर आलं आणि कापूस घशात जाता जाता राहिला. मग तिने खरोखर टोचून पाहिलं. अंगठा ठीक. करंगळी ठीक. तर्जनी आणि मधलं, दोन्ही झोपलेली. "मनगटापाशी नस दाबली गेली असेल, नाहीतर मानेपाशी," ती म्हणाली. "मी दातांची डॉक्टर, माझी हद्द इथे संपते. सोमवारी माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि गाडी मी दुपारी आणून लावते. पण बाबाला तुम्ही सांगायचं. तुमच्या दोघांच्या मधे मी पडणार नाही."

दुपारी गाडी आली. भाची किल्ली ठेवून निघून गेली. आडवा उगाच गाडीभोवती फिरला, टायर लाथेने वाजवून पाहिले, काच पुसली. खालीघे हे सगळं बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

"साडूभाऊ," शेवटी आडवा म्हणाला.

"बोला."

"हे जरा खाली घ्यायला लागेल."

खालीघ्याच्या हातातला पाना हातातच राहिला. "काय म्हणालात?"

"ऐकलंत तुम्ही."

"ऐकलं. पण कानाला सवय नाही, म्हणून परत विचारतोय."

"इंजिन. खाली. घ्या," आडवा म्हणाला, आणि प्रत्येक शब्दाला एकेक दात काढून द्यावा तसा चेहरा केला.

खालीघ्याने हे सुख चवीने घेतलं. कप्पी आणताना तो गुणगुणत होता. साखळी लावली, आधार सोडले, इंजिन हळूहळू खाली आलं आणि इतकी वर्षं आडव्याने बोटांनी ओळखलेला तो कोपरा पहिल्यांदाच उजेडात आला. जावयाचा नट मान वाकडी करून बसला होता. त्याच्या बाजूला काजळीचा पट्टा उमटला होता, आणि पट्टा जिथे रोखला होता तिथे ब्रेकच्या नळीवरचा रंग एका दिवसाच्या फिरण्यातच पोळून पिवळा पडला होता.

खालीघ्याचं गुणगुणणं थांबलं. त्याने नळीला हात लावला.

"अरे," तो म्हणाला, "माझी पोर बसते यात."

आयुष्यात पहिल्यांदाच तो साडूला अरे म्हणाला होता. आडवा नेहमी आडवं बोलायचा, तो या वेळी सरळ बोलला. "म्हणूनच आलो. मला कळलंच नाही रे आत काही. ही दोन बोटं गेलीत माझी."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बोटं. थंडीच्या दिवसांत चहा आला होता, सगळे फडक्याने ग्लास धरून फुंकत होतो, आणि तू नुसत्या बोटांत धरून उभा, मला गाडीतले दोष सांगत होतास. मी घरी सांगितलं. म्हणजे तुझ्याही घरी कळलंच. गादीवाल्यालाही माहीत आहे."

इतक्या काळजीने लपवलेली गोष्ट दोन स्वयंपाकघरं आणि एका गाद्यांच्या दुकानात वापरून जुनी झाली होती. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बोललो असतो तर तू खुर्चीत बसला असतास."

"म्हणून माझी दया आली तुला?"

"दया कसली डोंबलाची." खालीघे खाली बसला, बसताना त्याच्या दोन्ही गुडघ्यांनी आवाज केला. "तू थोरला. तू बसलास की ती जागा गेली. माझे गुडघे गेलेत ते कुणाला दिसतात का? मी उगाच प्रत्येक इंजिन खाली घेतो? वाकताच येत नाही मला. इतकी वर्षं मी त्या खुर्चीकडे बघतोय. पण थोरला आडवा पडून काम करतोय आणि धाकटा मऊ सीटवर बसलाय, हे दिसायला बरं दिसेल का? धाकटी तर मला घरातच घेणार नाही."

आडव्याने दाराशी त्या खुर्चीकडे पाहिलं. ज्या खुर्चीच्या भीतीने तो बटणं लावायची सोडून बसला होता, तिच्यावर दुसऱ्याचा जीव जडला होता, आणि मान राखता राखता दोघंही उभ्या उभ्या झिजत होते.

"बस की मग," तो म्हणाला.

"थोरल्याने सांगितलं तर बसतो."

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर सांग."

"गादीवाल्याला बोलाव."

मग दोघं कामाला लागले. तिरका नट सोडवायला गेले तर तो एकटा आला नाही, स्टडलाही सोबत घेऊन आला, घरातून पळून गेलेल्या जोडप्यासारखा. नवा स्टड बसवला, पोळलेली नळी काढून नवी टाकली, आतलं तेल नव्याने भरून पायाखाली ब्रेक घट्ट लागतोय ना ते बघितलं. मॅनिफोल्ड सैलच ठेवून, नळीच्या वाकणाखालून आधी जावई धरला. बोटं खालीघ्याची होती, सूचना आडव्याच्या. "उजवीकडे. अजून. आता उलटा फिरव. उलटा. टिचकी कळली?" "कळली." "कशी?" "कशी म्हणजे? टिचकीसारखी." आडव्याला हेवा वाटला, पण त्याने तो आवरला. मग सासू-सासरे आले आणि बाकी सगळे आळीपाळीने बसले. इंजिन वर गेलं.

शेवटची परीक्षा सासऱ्यांच्या पद्धतीची. गाडी थंड असताना सुरू करायची आणि लोखंड तापायच्या आत सांध्यावरून बोटं फिरवायची. फट असली तर हवेची फुंकर लागते. खालीघे किल्लीपाशी बसला. गाडी सुरू झाली. आडव्याने सवयीने दोन बोटं पुढे केली, मग मागे घेतली. घाई करायला हवी होती. लोखंड कुणासाठी थांबत नाही. तो इंजिनावर पार ओणवा झाला, डोळे मिटले आणि गालच खाली नेला. सासूपाशी काही नाही. सासऱ्यांपाशी काही नाही. दीर, नणंद, मेहुणा, कुणीच गालावर फुंकर घातली नाही. जावयापाशी जाताना मान अशी वळवावी लागली की खालीघ्याला वाटलं, आता यालाही कप्पी लावून काढावं लागणार. तिथेही शांत. गाल इतका शहाणा आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं. तो वर आला तेव्हा कानापासून हनुवटीपर्यंत काळा पट्टा होता आणि चेहरा लहान मुलाला नवं खेळणं सापडावं तसा झाला होता.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "बंद आहे सगळं."

"खात्री?"

"तुमचा गाल आणा, नाहीतर माझ्यावर विश्वास ठेवा."

पुन्हा अहो-जाहो सुरू झालं होतं. दोघांनाही त्यात बरं वाटलं.

रविवारी भाचीचा नंबर मधेच कुठेतरी आला, पण सगळ्या वळणांवर ब्रेक लागले आणि ती हसत उतरली. दोन्ही साडू तिने गिअर कुठे चुकवला यावर घरी पोचेपर्यंत वाद घालत होते. सोमवारी डॉक्टरांनी आडव्याच्या मनगटाला रात्री बांधायचा पट्टा दिला, बरं वाटायला वेळ लागेल म्हणाले आणि तोवर हाताला जपा म्हणाले. तो जपतो. पाने डाव्या हाताने धरायला शिकतोय, आणि शिव्याही त्याच वेगाने नव्या शिकतोय.

खालीघे दाराशी त्या खुर्चीत बसतो. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ व्हॅन घेऊन आले. आतल्या बाजूने तेल गळत होतं. इंजिन उतरवावं लागेल का, असं त्यांनी घाबरत विचारलं.

"छे हो," खालीघे पाठ टेकून म्हणाला, "त्याची काय गरज? तसंच होईल. आमचे थोरले साडू बसल्या बसल्या करतात."

व्हॅनखालून आवाज आला, "खोटं बोलतायत ते. खाली घ्यावं लागेल."

"अहो साडूभाऊ, गिऱ्हाइकाला घाबरवू नका."

"अहो साडूभाऊ, गुडघे बरे वाटत असतील तर जरा कप्पी आणता का?"